मधमाश्यांना काय सांगितलं

हिराला मधमाशी चावली आणि तिला ते कळलंच नाही. एडिथबाईंनी तिचा हात धरून खिडकीपाशी उजेडात नेला, तेव्हा मनगटाच्या वर आलेलं टेंगूळ दिसलं. नांगी अजून आतच होती. बाईंनी नखाने ती अलगद काढली, वर चुना लावला आणि विचारलं, "दुखत नाही?"

"दुकत असंल," हिरा म्हणाली, आणि परत बोंबील साफ करायला बसली.

ही हिरा तारापूरच्या कोळीवाड्यातली, साखरबाईची सून. वर्षभरापूर्वी ज्यांनी तिला पाहिलं होतं त्यांचा या हिरावर विश्वास बसला नसता. बोईसरच्या बाजारात ती टोपली उतरवून हाक घालायची, तेव्हा बाकीच्या कोळणी म्हणायच्या, "हिरे, जरा हळू. उमरोळीची गिऱ्हाइकं उगाच धावत येतील." हसायची तर अंग भरून. नारळी पुनवेला नाचायला उभी राहिली की ढोलवाल्याचे हात दुखत, हिचे पाय दुखत नसत. कपाळावर आडवं मोठं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, डोक्यात अबोली. रंगमंचावर आल्याबरोबर दिव्यांनी उजळ व्हावं, अशी काही माणसं असतात. हिरा तशी होती.

भादव्यात तिच्या नवऱ्याची, पंढरीची होडी गेली. आभाळ स्वच्छ असताना दुपारून वारा फिरला, आणि खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहत नवापूरच्या किनाऱ्याला लागले. पंढरी लागला नाही. चार गावांच्या होड्यांनी शोधलं. होडीची फळी सापडली, जाळं सापडलं, माणूस सापडला नाही.

त्याच वेळी त्याची आई साखरबाई हिवतापाने अंथरुणाला खिळली होती. अंगात ताप असा की गोधडीला हात लावला तर चटका बसावा. कोळीवाड्याचा पाटील भगवंत दारात येऊन उभा राहिला, आत डोकावला आणि बाहेर येऊन म्हणाला, "म्हातारीला उठू द्या. मंग सांगू. आज सांगाल तर घरातून दोन जातील."

हिरा उंबऱ्यात उभी होती. तिने मान हलवली. ती मान हलवली आणि त्या मानेबरोबर सगळंच हललं. म्हातारीला सांगायचं नाही, म्हणजे घरात रडायचं नाही. चुडा फोडायचा नाही, कारण साखरबाईची नजर अधू झाली असली तरी कान तिखट होते. सुनेच्या बांगड्या वाजल्या की तिला कळायचं, पोरगी आता विळीवर आहे, आता पाणी भरतेय. भावकीतल्या पुरुषांनी डोकी भादरायची नाहीत, दहावं-बारावं करायचं नाही. सगळं म्हातारी उठेपर्यंत.

म्हातारी उठली. आणि उठून बसल्याबरोबर तिने विचारलं, "पंढरी कुटं?"

जमना शेजारीण तेव्हा पेज घेऊन आली होती. हिरा चुलीकडे वळली हे बघून जमनाच पुढे झाली. "पंढरी ना? वेरावळला गेला. मोठ्या मचव्यावर खलाशी म्हनून. तू तापात व्हतीस, तुला उठवलं नाय."

झालं. एकदा बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. पुढचं वाक्य त्याला जोडून बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी साखरबाईने हिराला विचारलं, "कदी येनार म्हनून गेला?" हिरा म्हणाली, "लांब गेलंत. येतील. तुमी पेज घ्या." हे वाक्य तिने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं आणि पुढे रोज म्हटलं. म्हणता म्हणता ते इतकं पाठ झालं की विचारणाऱ्याचं तोंड उघडायच्या आत हिची जीभ हलायची.

कोळीवाडा चांगल्या मनाचा होता, आणि चांगल्या मनाच्या माणसांनी एकदा नाटक उभं केलं की ते पाडायला कोणी धजत नाही. जमना अधूनमधून निरोप आणायची. "वेरावळहून तांडेल आला व्हता गो साखरे. सांगत व्हता, पंढरी जाडा झालाय. चौकड्याचा सदरा घातलाय."

"चौकड्याचा? आनि आईला एक लुगडं धाडायचं सुचलं नाय त्याला," साखरबाई म्हणायची. "बापासारकाच. समुद्र दिसला की घर इसरला. येऊं दे, पायताणानंच हानते मेल्याला."

हिरा आत चुलीशी बसून हे ऐकायची. तिला काही वाटायचं नाही. वाटायला पाहिजे हे कळायचं, जसं दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीतून कळतं.

बाजारात मात्र तिची हाक निघेना. टोपलीपाशी ती नुसती बसून राहायची आणि मासळी तशीच परत यायची. मग जमनानेच तिला चिंचणीच्या वाटेवरच्या वाडीत नेलं, एडिथबाईंकडे.

एडिथबाई आणि त्यांचे टॉमससाहेब हे त्या टापूतलं एक नवलच होतं. साहेब रेल्वेतला पुलांचा इंजिनीअर. वैतरणेच्या पुलाच्या दुरुस्त्यांवर त्याची उमर गेली. इंग्रज गेले तेव्हा तो गेला नाही; "तिकडे थंडी आहे" एवढंच कारण सांगायचा. नारळ, चिकू, आंबे, कडेला दोन ताड आणि समुद्राच्या बाजूने सुरूचं कुंपण अशी वाडी त्याने घेतली, आणि कौलारू घर बांधलं. एडिथबाई मराठी बोलायच्या ते माळ्यांकडून आणि कोळणींकडून शिकलेलं. शहरातल्या माणसाला त्यांचे उच्चार ऐकून हसू आलं असतं, तारापुरात कोणाला येत नसे.

बाई स्वतः इंग्लंडातल्या खेड्यातल्या. हिराला आधी हेच पटलं नव्हतं.

"तुमच्यात खेडं असतं?"

"म्हणजे काय? गवताचं छप्पर, मातीची भिंत, पुढे कोंबड्या. आमची वाट एवढी अरुंद की समोरून गवताची गाडी आली तर कुंपणात घुसून उभं राहायचं. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याएवढं उंच झाडांचं कुंपण, त्यात पाखरांची घरटी. आणि मागे सफरचंदाची बाग."

"छप्पर गवताचं, भिंत मातीची," हिरा म्हणाली. "मंग आमच्यावर राज्य कसं केलंत?"

"राज्य करणारे वेगळे होते," बाई म्हणाल्या. "आम्ही कोंबड्या राखत होतो."

त्या घराच्या दारावर घोड्याची नाल ठोकलेली होती, तोंड वर करून. नामदेव ताडीवाला रोज सकाळी ताडावरून उतरला की त्या नालेकडे बघून मान हलवायचा. "बाई, नाल खाली तोंड करून लावतात."

"मग त्यातलं भाग्य सांडेल ना रे. आमच्यात वाटीसारखी वर तोंड करून लावतात."

"आमच्यात खाली करतात, मंजे भाग्य उंबऱ्यावर पडतं. तुमचं नुसतंच वर साठून ऱ्हातंय. काय उपेग?"

बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "तुझंही बरोबर आहे." पण नाल हलवली नाही.

कडक थंडी पडायची तेव्हा, जानेवारीत, बाईंच्या गावी सगळे लोक सफरचंदाच्या बागेत जमत. सर्वांत म्हाताऱ्या झाडाच्या मुळाशी सफरचंदाची दारू ओतायची, दारूत बुडवलेला पाव फांदीत खोचायचा, भांडी बडवून गलका करायचा. झाड जागं होतं आणि पुढच्या वर्षी भरभरून देतं. इथे सफरचंद कुठलं? बाई दर वर्षी नामदेवकडून ताडी घेऊन आंब्याच्या मुळाशी ओतत आणि पावाचा तुकडा फांदीत ठेवत. कोणी हसेल असं त्यांना पहिल्या वर्षी वाटलं होतं. नामदेवने टोपी काढली, आंब्याला नमस्कार केला आणि उरलेली ताडी स्वतः घेत म्हणाला, "झाडाला एकट्यानं पिऊ देऊं नये."

आणि पक्षी. बाईंच्या गावी काळापांढरा एक लांब शेपटीचा पक्षी असे. एकटा दिसला तर अपशकुन, जोडी दिसली तर आनंदाची बातमी. एकटा दिसला की त्याला हात वर करून "नमस्कार महाराज, मालकीण बरी आहे ना?" असं विचारायचं, म्हणजे तो फसतो आणि अपशकुन टळतो. तो पक्षी तारापुरात नव्हता. बाईंनी दयाळ पक्ष्यावर भागवलं, तोही काळापांढराच. विहिरीच्या काठावर एकटा दयाळ शीळ घालत बसला की बाई हातातलं काम टाकून त्याला नमस्कार करत.

हिरा त्या वाडीत काम करायला लागल्यावर बाईंनी हे सगळं तिला हळूहळू सांगितलं. पांढऱ्या फुलांची काटेरी फांदी घरात आणायची नाही, मागोमाग मरण येतं. टेबलावर चपला ठेवायच्या नाहीत. मीठ सांडलं तर चिमूटभर डाव्या खांद्यावरून मागे टाकायचं. हिराने मिठाचं ऐकलं तेव्हा म्हणाली, "आमी दृष्ट काढतो तवा चुलीत टाकतो. तुमी खांद्यावरून टाकता. मीठ तेच." ती हे सगळं ऐकायची, उत्तर द्यायची, आणि तिचा चेहरा धुतलेल्या फळीसारखा कोरडा असायचा. बाईंना पंढरीचं माहीत होतं. तारापुरात ते सगळ्यांनाच माहीत होतं, एका साखरबाईवाचून. पहिल्याच आठवड्यात त्या हिराला म्हणाल्या होत्या, "इथे रडून घेतलंस तरी चालेल. मी दार लावून घेते."

"कांदा चिरते मी रोज," हिरा म्हणाली. "तेवढं पुरं."

जांभळाच्या झाडाखाली बाईंच्या मधमाश्यांच्या लाकडी पेट्या होत्या. एके दिवशी पेट्यांभोवतीचं गवत काढताना हिराने बघितलं, की बाई पेटीशी वाकून इंग्रजीत काही पुटपुटताहेत. तिने विचारलं, "मंत्र काय?"

"नाही. बातमी. नामदेवला नातू झाला ना, ते सांगितलं."

मग बाईंनी सांगितलं, की त्यांच्या गावी मधमाश्या घरच्याच मानतात. घरात जन्म झाला, लग्न झालं, कोणी गेलं, की त्यांना ताबडतोब सांगायचं. मालक गेला असेल तर घराची किल्ली घेऊन जायचं, पेटीवर टकटक करायचं आणि स्वच्छ शब्दांत सांगायचं: तुमचा मालक वारला, आता अमका तुमचा मालक, तुम्ही इथेच राहा. पेटीला काळी फीत बांधायची. प्रेत घराबाहेर निघायच्या आत हे झालं पाहिजे.

"माशांना असं. मंग मानसांना कोन सांगतं?"

"चर्चची घंटा. टोले ऐकून सगळ्या गावाला कळतं."

"आमच्यात घंटा नाय," हिरा म्हणाली. "जमना हाय."

बाई मोठ्याने हसल्या. हिराही हसली असेल असं वाटून त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती गवत उपटत होती. थोड्या वेळाने तिने मान न उचलताच विचारलं, "आनि नाय सांगितलं तर?"

"तर त्या राहत नाहीत. खंगतात, नाहीतर उठून जातात."

हिराने गवताचा भारा बांधला आणि उचलून गोठ्याकडे नेला.

त्या दिवसांत किनाऱ्याला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं. बोईसरपासून ट्रकांची रांग लागायची, वाडीच्या कुंपणावर लाल धूळ बसायची, आणि रस्त्यावरून कोणीतरी हाक मारायचं, "बाई, थोडा पानी मिलेगा?" हिरा विहिरीचं पाणी द्यायची. टॉमससाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून ते ट्रक बघत राहायचे. कुठला ट्रक जास्त भरलाय, कुठल्या मोरीवरून त्याने जाऊ नये, हे ते आपल्याशीच बोलायचे. माघात एका सकाळी हिरा चहा घेऊन गेली, तेव्हा साहेब ट्रक बघत असल्यासारखेच बसले होते. चहा तिने तिपाईवर ठेवला. मग साहेबांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि बाईंना बोलवायला आत गेली.

दुपारी पालघरहून पाद्री येणार होता. नामदेव आणि दोघे-तिघे गडी वाडीच्या कोपऱ्यात खणायला लागले. एडिथबाई साहेबाच्या पायांशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. पाद्र्याची गाडी फाटकाशी वाजली तशा त्या एकदम भानावर आल्या. "हिरा, माश्यांना सांगितलं नाही."

त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसल्या. कमरेची किल्ली काढून हिराच्या हातात दिली. शिवणाच्या डब्यातली काळी फीत दिली. "तू सांग. इथल्या माश्या आहेत, त्यांना तुझीच भाषा कळेल. साहेब वारले म्हण. आता बाई तुमची मालकीण, इथेच राहा म्हण. जा."

हिरा जांभळाखाली गेली. ऊन चांगलं चढलं होतं, माश्या ये-जा करत होत्या. तिने पहिल्या पेटीला फीत बांधली. किल्लीने टकटक केलं. आतली गुणगुण क्षणभर थांबल्यासारखी वाटली, कोणी दाराशी आलं की घरातली माणसं बोलायची थांबतात तशी. हिराने तोंड उघडलं. 'साहेब वारले' हे शब्द तिच्या ओठांशी आले होते. आणि तिची जीभ, इतके महिने एकाच वाटेने चाललेली ती जीभ, आपोआप वळली.

"सायेब लांब गेलंत. येतील. तुमी कामाला लागा."

दुसऱ्या पेटीशीही तेच. तिसरीशीही तेच. किल्ली परत आणून तिने बाईंच्या हातात दिली. बाईंनी विचारलं, "सांगितलंस?" हिरा म्हणाली, "सांगितलं."

साहेबाला पुरलं. त्याच्यासाठी सगळं तारापूर आलं होतं. जमना तर इतकी रडली की पाद्र्याने तिला जवळची नातेवाईक समजून पुढे उभं केलं.

फाल्गुन गेला. साखरबाईच्या घराचं छप्पर गेल्या पावसातच गळलं होतं. पेंढा घालायला माणसं तयार होती, पण म्हातारी हात लावू देईना. "पंढरी आला की करील. परक्याचे हात माज्या घराला नको." पंढरीच्या सापडलेल्या जाळ्याचं काय करायचं, हे विचारायला भगवंत दोनदा आला आणि दोन्हीदा हवापाण्याच्या गोष्टी करून गेला. सुकवलेल्या बोंबलांतले जाड जाड निवडून म्हातारी पोरासाठी वेगळे ठेवी. बाजारात द्यायला आणि खायला बारके उरत. जेवायला बसली तरी तोंड दाराकडे. घास हातात, लक्ष वाटेवर.

"आये, जेवा."

"जेवते. कोनीतरी आलं वाटतं."

"वारा हाय."

"वाऱ्याला पाय असतात काय? बघ जरा."

हिरा उठून बघायची आणि परत यायची.

मग म्हातारीने नवीनच काढलं. लाडकी, तिच्या भावाची लेक, नवऱ्याकडे वेरावळला जायची होती. तिचा नवरा खरोखरच तिथे खलाशी होता. "मी लाडकीबरोबर जाते," साखरबाई म्हणाली. "पावसाच्या आदी एकदा बघून येते. मेला येत नाय तर मीच जाते." सगळ्यांनी समजावलं, एवढा लांबचा प्रवास, गाड्या बदलायच्या, नजर अधू. म्हातारी म्हणाली, "नजर अधू हाय, नाक तर चांगलं हाय. माज्या पोराच्या अंगाचा वास मला वेरावळच्या धक्क्यावरनं येईल."

सांगायला तर आता हवंच होतं, आणि सांगायचं कोणी, याबद्दलही कोणाला शंका नव्हती. भगवंत हिराकडे बघायचा, जमना हिराकडे बघायची, आणि हिरा चुलीकडे.

चैत्रात एका सकाळी हिरा वाडीत आली तर एडिथबाई जांभळाखाली उभ्या होत्या. पेट्यांची झाकणं उघडून ठेवली होती. आत रिकामी पोळी होती. माश्या नव्हत्या. नामदेवने उन्हं आल्यावर ताडावरून बघितलं होतं, धुरासारखा काळा लोट उठला आणि खाडीच्या दिशेने गेला.

"मुंग्या लागल्या असतील," नामदेव म्हणाला. "नायतर ट्रकांची धूळ. या माश्यांचा भरवसा नसतो बाई, फुलं कमी झाली की उठतात."

बाईंनी मान हलवली. मग, तक्रार म्हणून नव्हे, सहज बोलावं तसं म्हणाल्या, "सांगितलं तर होतं आपण."

हिरा म्हणाली, "नाय सांगितलं."

नामदेवने तिच्याकडे बघितलं.

"मी तुमचं बोलले नाय," हिरा म्हणाली. "सायेब लांब गेलंत, येतील, असं बोलले. तोंडातनं तेच आलं."

नामदेव खाकरला, ताडीचं मडकं उचललं आणि निघून गेला. बाई झाकणं एकेक करून लावायला लागल्या. हिरा शिव्यांची वाट बघत उभी राहिली. शिव्या बसल्या असत्या तर बरंच झालं असतं.

"चूक माझी आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "घरच्याने सांगायची गोष्ट मी तुझ्यावर टाकली." त्या पेटीवरच बसल्या. "किती वाट बघितली असेल ग त्यांनी. येतील म्हटल्यावर वाट बघणारच. माघ, फाल्गुन. मला वाटायचं, मध का कमी येतोय. वाट बघणाऱ्याचं कामात लक्ष कुठून लागणार? आणि मग शोधायला गेल्या."

हिराने बाईंसाठी चहा केला, भांडी घासली, आणि भांडी पालथी घालून हात पुसत असतानाच फाटकाशी लाडकी येऊन उभी राहिलेली तिला दिसली. लाडकी धावत आली असावी. पदर तोंडाला लावून धापा टाकत होती.

"हिरावयनी, म्हातारी बोचकं बांधून बसलीय. बोईसरची गाडी आजचीच धरायची म्हनते. बैलगाडी सांगितलीय. मी नाय कसं बोलू? आनि नेऊन दावू कोनाला?"

हिराने बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "जा."

वाटेत लाडकी काहीबाही बोलत होती. म्हातारीला चक्कर आली तर, भगवंतभाऊला बोलवू का, जमनाकाकीला पुढं करू का. हिरा म्हणाली, "तू बैलगाडीवाल्याला परत धाड." लाडकी थांबली. हिरा पुढे गेली.

साखरबाई ओट्यावर बसली होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल, शेजारी बोचकं. बांगड्यांचा आवाज ऐकून म्हणाली, "आलीस? बरं झालं. घरची किल्ली तुज्याकडं ठेव. मी त्याला घेऊनच येते बघ. पायताण बी घेतलंय."

हिरा तिच्यासमोर जमिनीवर बसली. आपल्या नवऱ्याचं नाव तिने लग्नापासून कधी घेतलं नव्हतं, कोणीच बाई घेत नसे. पण नाव न घेता हे सांगता येण्यासारखं नव्हतं. 'ते' म्हटलं असतं तर जीभ पुन्हा जुन्या वाटेला लागली असती.

"आये, तुमचा पंढरी बुडाला."

साखरबाईचा हात बोचक्यावर होता, तो तसाच राहिला.

"होडी उलटली. खाडीच्या तोंडाशी. वेरावळ नाय, काय नाय. पंढरी मेला."

समोरच्या घराच्या दारात जमना आली होती, ती तिथेच खाली बसली. कोंबड्या ओट्याखाली चोची मारत होत्या. म्हातारीने विचारलं, "कदी?"

"भादव्यात."

"मंजे मी तापात व्हते तवा."

"हां."

"भादवा," साखरबाई म्हणाली. मग ती बोचक्याची गाठ सोडायला लागली. आवाज अगदी साधा होता. "आनि मी रोज त्याला शिव्या घातल्या. मेला, मेला करून. मेलेल्या पोराला मी रोज मेला बोलले."

हिरा बसून राहिली. तिला वाटलं होतं, म्हातारी आपल्याला मारील. मारायला हवं होतं.

"पानी कोनी दिलं त्याला?"

"कोनी नाय."

"दहावं?"

"नाय. काय केलं नाय. तुमाला कळंल म्हनून."

"एवढे म्हैने पोर तहानलेलं ठेवलंत," साखरबाई म्हणाली, आणि ओट्याला हात टेकून उठली. "तांब्या दे."

जमना धावत पुढे झाली. "साखरे, भगवंताला बोलावते. बामनाला सांगूया, उद्या समदं रीतसर करू. बाईनं पानी द्यायचं नसतं गो."

"दूद मी पाजलं," साखरबाई म्हणाली. "पानीबी मीच पाजीन. बामन उद्या येऊं दे."

ओहोटी होती. वाळू लांबपर्यंत उघडी पडली होती, आणि त्या ओल्या वाळूवरून म्हातारी पुढे, हिरा मागे अशा दोघी चालल्या. हिराने तिला धरायला हात पुढे केला, तो तिने झटकला. पाणी घोट्याला लागलं तशी ती थांबली. तांब्यातलं विहिरीचं गोडं पाणी तिने समुद्रात ओतलं, थेंब थेंब, घाई न करता, तापलेल्या पोराच्या तोंडात घालतात तसं. "पी," म्हणाली. "पी रे बाबा. आईचं ध्यान नव्हतं."

तांब्या रिकामा झाला तरी तिने तो तसाच तिरपा धरून ठेवला होता. हिराने तो तिच्या हातातून काढून घेतला, तेव्हा तिने काढू दिला, आणि परतताना हिराच्या खांद्यावर भार टाकला.

परत आल्या तो घर भरलेलं होतं. कोळीवाड्यातली बाई न् बाई आली होती. भादव्यापासून गळ्यात अडकवून ठेवलेलं रडं त्या सगळ्यांनी एकदम सोडलं. जमना तर ऊर बडवत होती, वेरावळचा चौकड्याचा सदरा आपणच शिवला होता म्हणून सांगत होती. बाहेर अंगणात पुरुष उभे होते. भगवंत पागोटं हातात घेऊन, कोणाच्याही डोळ्याला डोळा न देता. एका म्हाताऱ्या बाईने रीतीप्रमाणे हिराचा हात धरला आणि चुड्याकडे बघत साखरबाईला विचारलं, "आता?"

"ऱ्हाऊं दे," साखरबाई म्हणाली. "हात तिचं हायेत. तिला वाटंल तवा काढंल."

हिराला मधोमध बसवलं. बायका तिच्या गळ्यात पडत होत्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, रड बाई, मोकळी हो म्हणत होत्या. हिरा समोर बघत होती. तिला रडू येत नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला आपले पाय दुखताहेत असं वाटलं, मग कंबर, मग मान. कोणीतरी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. खांद्याला सुकटीचा आणि घामाचा वास होता. तो तिला आला.

जमना गळा काढून पंढरीचं नाव घेत होती. त्या आवाजात आणखी दोघींनी आपला आवाज मिसळला. साखरबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून, हिराच्या थांबलेल्या बांगड्यांकडे कान देऊन. एकदम तिने हात वर केला.

"हळू रडा गो," ती म्हणाली. "पोर झोपलीय."